निधी गोळा करायची सायकल-राईड सहा दिवसांची, दुसऱ्याच दिवशी गुडघा बोलायला लागला

हळूहळू_पेडल: रोज ९० किमी आहे. चढावर वाटीच्या पुढच्या बाजूला दुखतं, सपाटीवर नाही. सूज नाही. उरलेले चार दिवस कसे काढू?

चेनवंगण: पुढून दुखतंय म्हणजे बहुधा सीट खाली आहे. (मागून दुखलं असतं तर उलट.) सीटपोस्टवर (सीटखालच्या दांड्यावर) टेपची खूण करा, तो आवळणारा क्लॅम्प सैल करून फक्त ३ मिमी वर घ्या. एकदम सेंटीमीटरभर चढवलीत तर कंबर डुलते आणि दुसरंच दुखणं मागे लागतं. पेडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला हवा.

घाटगिअर: जड गिअर रेटणं बंद. पेडलचे मिनिटाला ८० च्या आसपास फेरे ठेवा, चढावर ७० चालतील. गिअर चढाच्या आधीच हलका करा; जोर देताना बदललात तर चेन उतरायची भीती.

हळूहळू_पेडल: पेनकिलर घेऊन चालवू का?

चेनवंगण: नको, इशाराच दबतो. मुक्कामी फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. सूज आली, गुडघा अडकला किंवा चालताना लंगडलात तर मुकाट्याने राईडच्या मागून येणाऱ्या गाडीत बसा. देणगीदार किलोमीटर मोजत नाहीत हो!