संत रिटा, मार आणि आपल्या वसईतल्या बाया

बावखल: काल इथे एकाने लिहिलं, 'संत रिटाने अठरा वर्षं नवऱ्याचा मार सोसला, प्रार्थनेने त्याला सुधारलं. आजच्या मुली सहा महिन्यांत वकील गाठतात.' रात्रभर डोकं भणभणतंय. अहो, रिटाला मठात जायचं होतं, आईबापांनी लग्न लावून दिलं, ते का गाळलंत? आणि ती दुसरी सोसणारी, संत मोनिका? मुलाने, संत ऑगस्टीनने, स्वतःच लिहून ठेवलंय: शेजारणी तोंडावर वळ घेऊन यायच्या, आई सांगायची, दोष तुमच्या जिभेचा! माझ्या मावशीला पापनिवेदनात फादरनी हेच ऐकवलं.

आगाशीकर: पोस्ट माझी. मार खा असं मी कुठे म्हटलं? आईने माहीमच्या चर्चमध्ये बुधवारच्या नोव्हेना, म्हणजे नऊ आठवड्यांच्या प्रार्थना, केल्या, बाबांची दारू सुटली. तुमच्या वकिलाने कोणाची सोडवली?

बावखल: किती वर्षांनी सुटली?

आगाशीकर: अकरा.

केळफूल: मूळ दारूतच आहे. बाप्तिस्मा असो, साखरपुडा असो, आधी बाटल्यांचा हिशोब. फादर आशीर्वाद देऊन वळले की मांडवामागे सुरू.

आगाशीकर: पाहुण्याला पाजणं ही रीत आहे आपली.

केळफूल: रीत! भाचीच्या लग्नात बिअरसाठी कर्ज काढलं, ते अजून फिटतंय.

सोपारेकर: आमच्या हळदीत काय पन्हं वाटतात? उगाच एका समाजाला झोडू नका.

केळफूल: तुमच्या हळदीत मला बोलावत नाहीत, म्हणून माझ्या मांडवाबद्दल बोलते.

बावखल: बिअर पुरे हो! 1869 च्या कायद्यात ख्रिस्ती बाईला नुसत्या छळावर घटस्फोट नव्हता, सोबत नवऱ्याचा व्यभिचार सिद्ध करा. मुंबई हायकोर्टाने 1997 ला ती अट उडवली, कायदा बदलला 2001 ला. तोवर बाईने जपमाळ नाही तर काय धरायचं होतं? आणि वेगळं राहायला चर्चचीही ना नाही, चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन 1153 वाचा.

आगाशीकर: वेगळं राहणं म्हणजे घटस्फोट नव्हे, वकीलबाई. पण बरं, 1153 मान्य. वेदीवरून तो कधी ऐकला नाही, तेही मान्य.

गिरीजची लेक: आमच्याकडे सातला जपमाळ. तेवढ्या वेळात बाबा हात उचलत नसत. आई जपमाळेचे पाचही भाग, म्हणजे रहस्यं, अगदी सावकाश म्हणायची, वर मरियेच्या नावांची लितानी, वर मेलेल्या सगळ्यांसाठी एकेक 'आमच्या बापा'. आम्ही पोरं कंटाळायचो. का लांबवते, ते माझं लग्न झाल्यावर कळलं.

आगाशीकर: वकिलाची ओळ काढतो. रिटा राहील.