थायरॉईड काढल्यावर थायरोग्लोब्युलिन ३.८: उरलेला ट्यूमर की उरलेली ग्रंथी?

प्रश्न
पॅपिलरी कॅन्सरसाठी पूर्ण थायरॉईड काढली आहे, रेडिओआयोडीन (उरलेल्या थायरॉईड पेशी मारणारं किरणोत्सर्गी आयोडीन) अजून दिलेलं नाही. तिसऱ्या महिन्यातले रिपोर्ट: थायरॉक्सिनची गोळी ४ आठवडे बंद ठेवून टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं हार्मोन) ४२, थायरोग्लोब्युलिन (टीजी, थायरॉईडच्याच पेशी बनवतात ते प्रथिन) ३.८ नॅनोग्रॅम प्रति मिलि, अँटी-टीजी अँटीबॉडी (टीजीला चिकटणारी प्रतिपिंडं) मर्यादेच्या तिप्पट. आयोडीन स्कॅनमध्ये ग्रंथीच्या जागी थोडा अपटेक (आयोडीन शोषलं गेल्याची खूण). सोनोग्राफीत डावीकडे लेव्हल ४ मध्ये (मानेच्या बाजूचा खालचा भाग) ९ मिमीची गोल लिम्फ गाठ, हायलम (निरोगी गाठीच्या मधोमध दिसणारा पट्टा) दिसत नाही. याला उरलेला ट्यूमर म्हणायचं का?

उत्तर १
एवढ्यावरून नाही. टीएसएच ३० च्या वर असताना १ ते १० मधला टीजी निव्वळ उरलेल्या निरोगी ग्रंथीतूनही येतो, आणि रेडिओआयोडीन दिलेलं नसेल तर अशी ग्रंथी थोडीफार राहतेच. पण इथे तो ३.८ आकडाच भरवशाचा नाही. नेहमीच्या सँडविच पद्धतीच्या तपासणीत (टीजीला दोन बाजूंनी पकडून मोजतात ती) पेशंटच्या अँटीबॉडी टीजीला धरून ठेवतात आणि आकडा खोटा कमी येतो. म्हणून दर वेळी टीजी आणि अँटीबॉडी या दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यावर, एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने करा आणि अँटीबॉडीची पातळी कुठे चालली आहे ते बघा. ती महिन्यामहिन्याने उतरत गेली तर चांगलं, चढू लागली तर शोध घ्यायलाच हवा. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारा, त्यानेही टीजी खोटा कमी येतो. निदान २-३ दिवस आधी बंद हव्यात.

उत्तर २
खरी काळजी त्या लेव्हल ४ च्या गाठीची. सगळ्यात आखूड व्यास ८-१० मिमी असेल तर सोनोग्राफीखाली सुईची तपासणी करा, आणि वॉशआउट विसरू नका: स्लाइड बनवून झाली की तीच सुई १ मिलि नॉर्मल सलाईनमध्ये धुवायची, प्रत्येक वेळची सुई त्याच नळीत, आणि त्या पाण्यातला टीजी मोजायचा. गाठ पाण्याने भरलेली असली की स्लाइडवर पेशीच सापडत नाहीत. तिथे वॉशआउटच वाचवतो. १ च्या खाली आला तर दिलासा, १० च्या वर गेला तर मेटास्टॅसिसचा (कॅन्सर गाठीत पसरल्याचा) दाट संशय. मानेच्या बाजूच्या गाठीत थायरॉईडच्या पेशी असण्याचं दुसरं कारण सहसा नसतं.

प्रश्नकर्ता
मग ग्रंथीच्या जागेतल्या अपटेकचंही वॉशआउट करावं का?

उत्तर २
नाही. तिथे निरोगी उरलेली ग्रंथीही भरपूर टीजी देते, त्यामुळे फरक कळत नाही. तिथे स्लाइडवरच्या पेशींवरच अवलंबून राहावं लागतं.

उत्तर ३
ऑपरेशनची नोंद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट एकदा शेजारी ठेवून वाचा. श्वासनलिकेवरून किंवा स्वरयंत्राच्या नर्व्हवरून ट्यूमर तासून काढल्याचं सर्जननी लिहिलं असेल तर त्या जागेतला अपटेक निरोगी ग्रंथीचा म्हणून सोडून देऊ नका. आणि सीटीला आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट दिला असेल तर पुढचं रेडिओआयोडीन निदान ४ ते ८ आठवडे लांबवावं लागतं, नाहीतर पेशी ते घेतच नाहीत.