मदत हवी आहे: इंटरॅक्ट क्लबमधल्या धाकट्यांकडे निर्णय कसे सोपवायचे?

शाळेच्या इंटरॅक्ट क्लबची (रोटरी क्लबच्या पाठिंब्याने चालणारा मुलांचा सेवा-क्लब) मी शिक्षक-सल्लागार आहे. वयोगट १२ ते १८. अध्यक्ष, सचिव, खजिनदार ही पदं मोठ्या मुलांकडे जातात आणि परीक्षा जवळ आल्या की नेमकी तीच मुलं येईनाशी होतात. वर्षाला किमान दोन उपक्रम करायचे असतात, एक शाळेसाठी किंवा समाजासाठी, दुसरा आंतरराष्ट्रीय सामंजस्यासाठी. दुसरा हमखास अर्धवट राहतो.

प्रत्येक पदाला एक धाकटा जोडीदार देऊन पाहिला. त्याच्या वाट्याला निरोप पोचवणं तेवढं आलं, कारण काम वाटलं गेलं, निर्णय नाही. मग समित्या केल्या. आठ जणांच्या समितीत दोघंच बोलतात. तिघांची केली तर सगळे बोलतात, पण एक गैरहजर राहिला की काम अडतं. प्रत्येक उपक्रमाची वही मात्र फार उपयोगी पडते (खर्च, परवानग्या, कोणाला कधी भेटायचं), ती चालूच ठेवणार.

बैठक महिन्यातून दोनदा, पाऊण तास. शाळेबाहेर जायचं तर पालकांचं संमतिपत्र आणि सोबत दोन मोठी माणसं लागतात. पैशांवर सल्लागाराची सही लागते, त्यात बदल नको. धाकट्यांकडे फोन नाहीत, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर कामं वाटणं जमणार नाही. निवडणुकीऐवजी चिठ्ठ्या टाकणंही नको, मुलांना मत देता यायलाच हवं.

ज्यांनी वर्षाच्या मध्यावर पदाधिकारी बदलले आहेत त्यांना विचारते: जुने आणि नवे किती आठवडे एकत्र काम करत होते, आणि १२-१३ वर्षांच्या मुलांवर कोणते निर्णय पूर्णपणे सोडलेत?