शब्दचर्चा : १९३३च्या जर्मन कायद्यातला ‘अनार्य’

पिंपळपान : एका मराठी लेखात वाक्य आहे, ‘एप्रिल १९३३मध्ये जर्मनीत अनार्य नोकरदारांना घरी बसवले.’ आपल्याकडे अनार्य म्हटलं की दस्यू, द्रविड नाहीतर असंस्कृत माणूस डोळ्यांपुढे येतो. तिथे नेमकं कोण अभिप्रेत आहे?

तळटीप : मूळ शब्द ‘निख्टआरिश’. ७ एप्रिलच्या सरकारी नोकरांच्या कायद्यात तो आला आणि चारच दिवसांनी त्याची व्याख्या निघाली : आईबाप किंवा आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असला तरी माणूस अनार्य. आता आजोबा ज्यू होते हे ठरवायचं कशावरून? रक्तावरून नव्हे, त्यांच्या धर्मावरून! नातवाचा बाप्तिस्मा झालेला असला तरी सुटका नाही. नोकरी टिकवायची तर आजीच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी चर्चच्या पायऱ्या झिजवायच्या. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांच्या आग्रहामुळे सूट होती, १९३५मध्ये तीही गेली.

खवचट : वा! कायदा वंशाचा, पुरावा धर्माचा. पण मग तिथल्या रोमा-सिंती लोकांचं, म्हणजे ज्यांना जिप्सी म्हणत त्यांचं काय? पाण्याला ‘पानी’ आणि काळ्याला ‘कालो’ म्हणणारी माणसं ती. त्यांच्याइतका आर्य कोण?

तळटीप : भाषाशास्त्रातला ‘आर्य’, म्हणजे संस्कृतच्या कुळातली भाषा बोलणारा, घेतलात तर अगदी बरोबर. पण ते तिथे कुणाला हवं होतं? त्यांच्यामागे तर पोलीस हिटलरच्या आधीपासून लागलेले. हिटलरआधीच्या प्रजासत्ताकाची वायमार घटना सर्वांना समान म्हणत असतानाच बव्हेरिया या जर्मन राज्याने १९२६मध्ये ‘जिप्सी, भटके आणि कामचुकार’ यांच्याविरुद्ध कायदा केला. पोलिसांच्या परवान्याशिवाय गाडा घेऊन फिरायची बंदी. पुढे १९३६च्या ऑलिंपिकआधी बर्लिनमधल्या रोमा-सिंतींना मार्त्सानच्या छावणीत नेऊन ठेवलं. आणि गंमत बघा, ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणाऱ्या सप्टेंबर १९३५च्या न्यूरेंबर्ग कायद्यांत ‘आर्य’ शब्दच नाही. तिथे ‘जर्मन किंवा सजातीय रक्त’ अशी भाषा आहे.

पिंपळपान : मग मराठीत ‘आर्येतर’ लिहावं का?

तळटीप : नको, तो नुसता सोवळ्यातला अनार्य. १९३३च्या कायद्याबद्दल लिहिताना अवतरणचिन्हांत ‘अनार्य’ ठेवा, एरवी सरळ ‘ज्यू ठरवलेले’ लिहा. ‘ठरवलेले’ मात्र गाळू नका. त्यांतले कितीतरी जण स्वतःला ज्यू समजतच नव्हते.