मदत हवी आहे: रोमन राणीचं सोन्याचं नाणं, वजनात मार खातंय

घाईत_आहे: परवा रात्री लिलाव बंद होतोय. राणीचं रोमन नाणं, वजन 2.9 ग्रॅम. ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचं नाणं, तर 7 ग्रॅमच्या वर असतो ना? मग हे बनावट का? हो की नाही एवढंच सांगा.

नाणेवेडा: कुठली राणी? अक्षरं? मागची बाजू? 7 च्या वरचं वजन सम्राट नीरोच्या वेळचं, एका रोमन पौंडात 45 नाणी. पुढच्या एका सम्राटाने, कॅरकॅलाने, इ.स. 215 मध्ये 50 केली, म्हणजे नाणं हलकं झालं.

आबा_सोलापूर: सराफाकडे न्या, कसोटीवर घासा. दोन मिनिटांत निकाल.

नाणेवेडा: आबा, घासायचं नाव काढू नका! एक ओरखडा आणि किंमत गेली.

घाईत_आहे: घासणार कुठून, नाणं जर्मनीत आहे. अक्षरं 'गॅलिएनाए ऑगुस्ताए'. डोक्यावर कणसांची माळ, मागे रथ.

नाणेवेडा: राणीला दाढी आहे का हो?

घाईत_आहे: आहे खरी. मला वाटलं झीज झालीय.

नाणेवेडा: 😀 हा सम्राट गॅलिएनस! नाव स्त्रीलिंगी का छापलं, यावर विद्वान अजून भांडतायत. 260 मध्ये इराणच्या राजाने, शापूरने, याच्या बापाला, व्हॅलेरियनला, जिवंत पकडलं. मग गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, फुटून पोस्टुमस या बंडखोर सेनापतीकडे गेलं. त्या धामधुमीत सोन्याच्या नाण्याला ठरलेलं वजनच उरलं नाही. तेव्हा नुसत्या 2.9 वरून बनावट म्हणता येत नाही. आणि अस्सलही नाही.

चांदीवाला: सोन्याचं काय घेऊन बसलात? खरी वाट लागली चांदीची. अँटोनिनियानस, म्हणजे तेव्हाचं चांदीचं नाणं, शेवटी तांब्याला चांदीचा मुलामा.

नाणेवेडा: धागा सोन्याचा आहे. चांदीचा वेगळा काढा.

चांदीवाला: वेगळा कसा काढू? लोकांच्या हातात चांदीच होती. सोनं सैन्याच्या बक्षिसीला.

मराठवाडी: आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला रोमन नाण्यांच्या मातीच्या नकला सापडल्यात. बघून या एकदा.

आबा_सोलापूर: त्यापेक्षा तेवढ्या पैशात तोळाभर वेढणी घ्या. भाव पाहिलाय का आजचा?

घाईत_आहे: आबा, प्लीज. कडेचा फोटो टाकलाय. ओतीव बनावट नाण्याला असतो तसा सांधा दिसत नाहीये. आणि हो, एक भोक आहे, ते सांगायचं राहिलं.

नाणेवेडा: अहो!! भोक आधी सांगायचं असतं! कुठे आहे, डोक्याच्या वर? मग कुणीतरी गळ्यात घातलेलं आहे, थोडं सोनं तिथेच गेलं. भोकाच्या आतल्या कडेचा जवळून फोटो टाका. आज रात्री, परवा नको.