बाभळीच्या मुठीच्या 20 सुऱ्या विकायच्या आहेत: मूठ का हलते, दर किती लावू?

मूठवाला_लोहा:
नमस्कार मंडळी. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यापासून लोहाराकडून घडवलेल्या 20 सुऱ्या तयार आहेत. पातं 6 इंच लांब, सव्वा इंच रुंद. मूठ बाभळीची, हातानं तासलेली, लाख आणि विटेच्या भुकटीनं बसवलेली. माळेगावच्या यात्रेत आणि ऑनलाइन विकायचा विचार आहे. एका मुठीला उन्हाळ्यातच मागून तडा गेला आणि पाऊस लागताच आणखी चार हलायला लागल्या. कुठं चुकलं? दर किती धरावा? कुरियरनं पाठवायला परवाना लागतो का?

रंधा_परभणी:
दादा, लाकूड ओलं होतं. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते आकसतं आणि आतल्या लोखंडाला आवळतं. लोखंड काही दबत नाही, त्यामुळं एकतर मूठ तडकते, नाहीतर भोकाच्या आतल्या कडा चेपतात. पावसाळ्यात लाकूड फुगलं की भोक मोठं होतं, लाखेची पकड आधीच सुटलेली असते, मग मूठ खुळखुळते. तडा मागूनच का? कारण कापलेल्या टोकातून ओल सगळ्यात लवकर निघते.

बाभळीचा आतला तांबूस गाभाच घ्या. सालीजवळचं पांढरं लाकूड भुंगा पोखरतो, मुठीखाली पिवळसर भुगा पडायला लागतो, आणि असं गिऱ्हाईक परत येत नाही. ओंडका महिनाभर पाण्यात बुडवून ठेवायची जुनी रीत याच किडीसाठी आहे. मग 5 इंचाचे तुकडे पाडा, दोन्ही टोकांना मेण लावा, सावलीत रचा. दर आठवड्याला किराण्याच्या काट्यावर एक तुकडा तोला. सलग तीन आठवडे वजन घटलं नाही की लाकूड वाळलं समजा. उन्हात टाकून घाई केली तर तिथंच फाटेल.

बसवताना 6 मिमीचं भोक पाडा आणि शेवटचा भाग पात्याची शेपटी (मुठीत जाणारं निमुळतं टोक) तापवून जाळत बसवा. त्या वेळी पात्याच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळाच. ते विसरलं की उष्णता पात्यात चढते, पाणी, म्हणजे लोहारानं दिलेला कडकपणा, उतरतं आणि धार टिकत नाही. शेपटी मुठीच्या दोन तृतीयांशापर्यंत तरी आत हवी. लाख दिसायला छान, पण गरम पाण्यात भांडी धुणाऱ्या घरात ती मऊ पडते. तिथं दोन नळ्यांचा इपॉक्सी गोंद, वर 4 मिमीची पितळी पिन आणि तोंडाशी शेंबी (धातूचं कडं). शेवटी जवसाच्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. तेलाचं फडकं चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप तापून पेट घेतं. पसरून वाळवा.

हिशोब_लातूर:
दराचं बोलतो. घडणावळ 200, लाकूड 40, शेंबी-पिन-इपॉक्सी 30, पॉलिश पेपर आणि तेल 20, पॅकिंग 30. झाले 320. तुमचे तीन तास, 70 रुपये तासानं 210. एकूण 530. दहात एक सुरी बदलून द्यावी लागेल असं धरून वर 50-55 टाका, म्हणजे 585. यात्रेत पॅकिंग लागत नाही, 600 सांगा. ऑनलाइन थेट 750 आणि कुरियर वेगळं. एखाद्या साइटनं 20 टक्के कापले तर 750 चे 600च हाती येतात, म्हणून तिथं 900 लावा. शंभर रुपयांच्या स्टीलच्या सुरीशी भाव करत बसू नका, ते गिऱ्हाईक तुमचं नव्हे.

जाहिरातीत पट्टी ठेवून काढलेला फोटो, वजन आणि शेंबीजवळचा जोड दाखवा. ‘कार्बन स्टील आहे, लिंबू-कांद्यानं काळी पडेल, धुऊन लगेच पुसा, खोबरेल तेल लावा’ हे आधीच लिहा. न लिहिल्यास तेच डाग ‘गंज’ म्हणून परत येतात. कॅश ऑन डिलिव्हरी टाळा, परत आलेल्या पार्सलचं दुहेरी भाडं तुमच्या माथी.

कायदा_पॅकिंग:
शस्त्र नियम 2016 मध्ये 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं धारदार शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. तुमची सुरी मापानंही खाली आणि वापरानंही घरगुती. पण जाहिरातीत ‘खंजीर’, ‘शस्त्र’ असले शब्द वापरू नका, ‘स्वयंपाकाची सुरी’ लिहा. यात्रेत नेताना सगळ्या सुऱ्या खोक्यात बंद आणि लोहाराची पावती सोबत ठेवा. सणासुदीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली हत्यारं बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात, आधी चौकशी करा. राज्याबाहेर विकायचं असेल तर जीएसटी नोंदणीबद्दल सीएला विचारा.

पॅकिंग: पात्याला तेलाचा पातळ हात, तेलकट कागद, दुमडलेल्या जाड पुठ्ठ्याची म्यान, टोकाला थर्माकोलचा तुकडा. प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद केलं तर पावसाळ्यात आतच दमट होऊन मुठीला बुरशी धरते.

मूठवाला_लोहा:
आभार. उरलेल्या 15 मुठीही त्याच ओल्या लाकडाच्या आहेत. त्या काढू कशा?

रंधा_परभणी:
मूठ बाहेर ठेवून पातं बुडापर्यंत उकळत्या पाण्यात दहा मिनिटं धरा. लाख मऊ पडते, मूठ पिळून निघते. 100 अंशांनी पाणी उतरत नाही. काढल्यावर लगेच पुसून तेल लावा. त्या मुठी टाकू नका. मेण लावून सावलीत ठेवा, वजन थांबलं की त्यातल्या न तडकलेल्या पुन्हा बसवता येतील.