डॉक्टर पहिल्यांदाच सुरी धरणार असेल, तर रुग्णाला आधी सांगावं का?

रानजाई
पाठीवरची साधी सिबेशिअस सिस्ट, म्हणजे त्वचेखालची पिशवीसारखी गाठ, काढायची आहे. लोकल भूल, अर्ध्या तासाचं काम. रुग्ण संमतीपत्रावर सही करतो, पण गाठ काढणार असतो शिकाऊ डॉक्टर आणि त्याची ही पहिलीच वेळ. हे रुग्णाला आधी स्पष्ट सांगायलाच हवं, असं माझं मत. 'आमची टीम करेल' म्हणजे सांगणं नव्हे, झाकणं झालं. शिकण्याला माझा विरोध नाही, न विचारता शिकण्याला आहे. शिवाय लोकलमध्ये माणूस जागा असतो. 'अंहं, एवढं खोल नको' असं मागून ऐकू आलं की त्याला कळतंच. मग ते टेबलावर पालथं पडून कळण्यापेक्षा आधी खुर्चीत बसून कळलेलं काय वाईट?

कातरवेळ
साफ असहमत. 'पहिल्यांदाच' एवढा एक शब्द ऐकला की बहुतेक लोक उठून जातील. सगळेच उठून गेले तर पुढच्या पिढीत गाठी काढणार कोण? जबाबदारी सीनिअरची असते, सही त्याची असते. रुग्णाला घाबरवून साधायचंय काय?

बोथट सुई
मी शिकवणाऱ्यांपैकी आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

कोणी थेट सुरी उचलत नाही. आधी महिनोन्‌महिने नुसत्या जखमेच्या कडा ओढून धरून उभं राहायचं, दोरे कापायचे. फोमच्या पॅडवर गाठी मारायच्या. मग सीनिअरने केलेल्या शस्त्रक्रियेत फक्त वरच्या त्वचेचे टाके घालायचे. चिरा त्यानंतर.

सिस्टमध्ये चिरा सोपाच. गाठीवरचा काळा ठिपका मधे धरून लंबगोल, त्वचेच्या रेषांना धरून. खरी परीक्षा पिशवी न फोडता सोडवण्यात. फुटली तर घाण वास, साफसफाई, आणि भिंतीचा तुकडा आत राहिला तर गाठ पुन्हा येते. नवख्यांचा नेहमीचा घोळ मात्र त्याही आधीचा असतो: भूल टोचतात आणि ती चढायची वाटच बघत नाहीत. दुसरा घोळ डोसचा. लिग्नोकेन म्हणजे भुलीचं औषध, ते अ‍ॅड्रिनलिन नसलेलं असेल तर वजनाच्या किलोमागे साधारण ४.५ मिग्रॅपर्यंत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला २ टक्क्यांचं साडेतेरा मिलीच. हा हिशोब तोंडी आला नाही तर मी ग्लोव्हज घालू देत नाही.

आणि केस कुठली द्यायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. पाठ चालेल. मानेच्या बाजूची गाठ, दिसायला कितीही चिमुकली असो, पहिल्या वेळी नाही. तिथे खांदा उचलणारी नस अगदी त्वचेजवळ असते. ती दुखावली तर खांदा उतरतो आणि हात वर नेताना अडतो. रुग्णाला वाचवतं ते हे सगळं. 'पहिलीच वेळ आहे' एवढंच सांगणं म्हणजे अर्धी माहिती.

रानजाई
मग पूर्ण द्या ना! आम्हाला इथे सांगितलंत तसंच रुग्णाला सांगायला काय हरकत आहे?

कातरवेळ
बाहेर रांग लागलेली असते, ही हरकत. आणि दुसरी, जास्त अवघड: पर्याय दिला की ज्यांना बोलता येतं, ज्यांच्या ओळखी आहेत, ते सीनिअर मागून घेतात. नवख्या हातांखाली उरतात ते गप्प बसणारे. तुमच्या प्रामाणिकपणाचं बिल त्यांच्या नावावर फाटतं.

गावकुस
आजही तेच उरतात. फक्त न विचारता.

नवखी
मी शिकणारी. मला रुग्णाला सांगितलेलंच हवंय, आणि कारण थोडं स्वार्थी आहे. त्याला माहीत असलं की मी मोठ्याने विचारू शकते, 'सर, इथे थांबू का?' लपवलेलं असलं की डोळ्यांनी खुणा कराव्या लागतात, आणि शंका आली तरी हात पुढे चालू ठेवावासा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८च्या चेकलिस्टमध्ये चिरा देण्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगायचं असतं. लोकलच्या वेळी रुग्ण ते ऐकतच असतो. तिथे मी काय पुटपुटू?

आणि 'तुम्ही आधी किती केल्यात?' असं त्याने थेट विचारलं तर खोटं बोलायचं का, कातरवेळ?

कातरवेळ
खोटं नाही. ते मान्य.

बोथट सुई
नवखीचा मुद्दा पटला. थरथरणाऱ्या हाताची मला भीती वाटत नाही, गप्प राहणाऱ्या तोंडाची वाटते. मी रुग्णाला सांगतो ते असं: 'गाठ या डॉक्टर काढतील, त्या शिकताहेत. मी ग्लोव्हज घालून शेजारीच उभा असेन आणि गरज पडली तर मी हातात घेईन. चालेल?' कितवी वेळ ते विचारलं तर खरं सांगतो. आपणहून आकडा सांगत नाही.

रानजाई
अडतंय ते इथेच. प्रश्न त्याला सुचायला हवा, ही अट कशाला? आयुष्यात पहिल्यांदा टेबलावर झोपणाऱ्याला काय विचारायचं तेच माहीत नसतं.

कातरवेळ
त्याहून आधी हे सांगा, त्याने 'नको' म्हटलं तर पुढे काय? तारीख पुढे जाणार असेल, तर 'चालेल' म्हणण्यावाचून त्याला गत्यंतर नाही. मग विचारणं नुसतं नाटक.

बोथट सुई
त्याच दिवशी, त्याच टेबलावर मी काढतो. शेजारी उभा असतोच ना.

कातरवेळ
आणि तुम्ही दुसऱ्या ऑपरेशन थिएटरमध्ये अडकला असाल तर?

बोथट सुई
तर त्या दिवशी कोणाचीच पहिली वेळ होत नाही.